तीन महिन्यांच्या बाळाशी 'खेळायचं' म्हणजे नेमकं काय करायचं?

हिशेबनीस
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मुलगी तेरा आठवड्यांची झाली. बायकोचं काम संध्याकाळचं, त्यामुळे सहा ते नऊ बाळ माझ्या ताब्यात. लंगोट, दूध, ढेकर, झोपवणं हे आता जमतं. अडलंय एका साध्या वाक्यावर. मागच्या वेळी डॉक्टर निघता निघता म्हणाले, "बाळाशी खेळत जा." मी मान डोलावली आणि घरी येऊन विचारात पडलो. हिला काही धरता येत नाही. खुळखुळा हातात दिला की मूठ आवळते, पण आपल्या मुठीत काही आहे याचा तिला पत्ता नसतो. परवा तोच स्वतःच्या कपाळावर आपटला आणि मीच मारल्यासारखं माझ्याकडे बघून भोकाड पसरलं.

दहा मिनिटांत माझा साठा संपतो. वेडीवाकडी तोंडं करून झाली, गाणं म्हणून झालं, की मी तिला दिवसभराचा जमाखर्च ऐकवतो. ती आपली स्वतःच्या उजव्या मुठीकडे बघत पडलेली. मूठ डोळ्यांसमोर धरायची, फिरवायची, मध्येच डोळे तिरळे करायचे. पाच-पाच मिनिटं हेच. हा खेळ आहे, की बापाला कंटाळून तिने काढलेला मार्ग?

तर प्रश्न दोन. खेळ नक्की कधी सुरू होतो? आणि तोवर मी काय करू? एक्सेलमध्ये तक्ता केलाय (हसू नका), त्यातला 'खेळ' हा रकाना महिनाभर रिकामा आहे.

तिरपागडा
तेरा आठवड्यांत एक्सेल! पोरगी मोठी होऊन तुमचंच ऑडिट करणार.

दुपारची_झोप
हिशेबनीस, ती कंटाळलेली नाहीये हो. कंटाळलेलं बाळ गप्प पडून राहत नाही, घर डोक्यावर घेतं. आमच्या जुळ्यांपैकी एकाला तिसऱ्या महिन्यात स्वतःची मूठ सापडली आणि पुढे आठ-दहा दिवस त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. दुसऱ्याचा जीव पंख्यात. तुमच्या लेखी तो हात आहे. तिच्या लेखी ती एक वस्तू आहे, कधी समोर येते, कधी नाहीशी होते, आणि हळूहळू तिच्या ध्यानात येतंय की हिला आणणारी मीच आहे. याच्या तोडीचं खेळणं दुकानात नाही मिळायचं.

रकान्यात बिनधास्त लिहा: उजवा हात, ५ मिनिटं.

अनवट
वरच्या प्रतिसादाला +१. हेच जाँ पियाजेने १९३६ च्या पुस्तकात लिहून ठेवलंय, फक्त वाचताना झोप येते. हा स्विस माणूस स्वतःच्या तिन्ही मुलांच्या पाळण्याशेजारी वही घेऊन बसायचा, त्यामुळे हिशेबनीस, तुमच्या तक्त्याला घराणं आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. सुरुवातीचे काही महिने बाळाची सगळी करमणूक स्वतःच्या अंगावरच चालते. अंगठा योगायोगाने तोंडात गेला, बरं वाटलं, की तोच योगायोग पुन्हा जुळवून आणायची खटपट. जुळतो, सुटतो, पुन्हा जुळतो. याला तो वर्तुळाकार प्रतिक्रिया म्हणतो. चौथ्या महिन्याच्या आसपास हे वर्तुळ अंगाबाहेर पडतं: पाय झाडले की वर टांगलेल्या बाहुल्या हलतात, म्हणून पुन्हा झाडायचे. त्याच्या मधल्या मुलीच्या, लुसिएनच्या, अशा नोंदी आहेत. आठव्या महिन्यापासून दोन कृती एकापुढे एक लागतात. आधी आडवी आलेली उशी ढकलायची, मग पलीकडची वस्तू घ्यायची.

माझ्यापुरतं उत्तर: बाळाने एखादी गोष्ट मुद्दाम दुसऱ्यांदा केली, की खेळ सुरू. तुमच्याकडे तो दिवस तुमच्या नकळत होऊन गेलाय.

उंबरठा
दुसऱ्यांदा केलं की खेळ? मग बाळ दिवसातून आठ वेळा दूध पितं, तोही खेळच म्हणायचा. व्याख्या फार ढिली आहे.

अनवट
उंबरठा, रास्त आक्षेप. पण दूध पिताना पोट भरलं की काम संपतं. मूठ बघून काही भरत नाही, तरी बघणं चालू राहतं. शिवाय एक फरक चेहऱ्यावर दिसतो. नवीन वस्तू समोर आली की बाळ गंभीर होतं, भुवया वर, हालचाल थांबलेली. ती चौकशी. वस्तू ओळखीची झाली की अंग सैल पडतं आणि मग तिला हलव, चाट, आपट हे सुरू होतं. तो खेळ. कोरिन हट यांनी १९६६ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांबद्दल हा फरक मांडला होता. चौकशीत मूल विचारतं, "ही वस्तू काय करते?" आणि खेळात विचारतं, "मी हिचं काय काय करू शकतो?" मला तो तान्ह्या बाळांनाही लागू पडतो असं वाटतं. हे मत माझं, हटबाईंच्या गळ्यात घालत नाही.

रेघोट्या
मी फिजिओ आहे, रोज बाळंच बघते. शास्त्राचं अनवट बघतील, मी सहा ते नऊचं बोलते.

आधी अंतर. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं, म्हणजे कुशीत घेतल्यावर आपला चेहरा येतो तिथलं. तीन महिन्यांपर्यंत नजर बरीच लांब पोचते, रंगही चांगले कळू लागतात, तरी चेहऱ्याइतकं तिला काही आवडत नाही. दीड-दोन महिन्यांना ती तुमच्याकडे बघून हसायला लागली असेल. तिथून पुढे तुम्हीच खेळणं.

मग थांबायला शिका. इथे बाबा लोक हमखास चुकतात (आयाही चुकतात, पण धागा बाबांचा आहे). ती "अंऽ" म्हणाली, तुम्ही "अंऽ" म्हणा आणि गप्प बसा. मनात सहा-सात आकडे मोजा. तिला उत्तर जुळवायला वेळ लागतो: आधी पाय हलतात, मग तोंड उघडतं, मग कुठे आवाज फुटतो. तेवढ्यात आपण दुसरं गाणं सुरू केलेलं असतं. तुमचा साठा दहा मिनिटांत संपतो तो बहुतेक यामुळेच. तिची पाळी तिला मिळू द्या, साठा तासभर पुरेल.

तिने मान फिरवली तर तोंड घेऊन मागे मागे जाऊ नका. ती दम खातेय. परत वळेल.

आणि पालथं घाला, जागी असताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार अजून न रांगणाऱ्या बाळांना दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं. एका दमात नाही, दोन-दोन मिनिटं करत. तुम्हीही समोर पालथे पडा म्हणजे तिला मान उचलायला काही कारण मिळेल. झोपवताना मात्र पाठीवरच, यात तडजोड नाही. याच शिफारशींत एक वर्षाखाली मोबाइल-टीव्हीचा पडदा अजिबात नको असंही आहे.

तिरपागडा
पालथं पडल्यावर बापाची ढेरी आड येते आणि बापच चारी दिशांना डोलतो, त्यावर काही शिफारस?

रेघोट्या
तो डोलारा बघून बाळ हसलं तर तो पण खेळात धरा.

जुनी_वही
चर्चा वाचून मजा वाटली. मी तीन मुलं आणि चार नातवंडं हाताळली. माझं एकच निरीक्षण सांगते. मोठी माणसं बाळाला 'खेळवतात' तेव्हा अर्धा वेळ खेळत असतात ती स्वतः, बाळ प्रेक्षक. खुळखुळा बाळाच्या हाती राहतो किती वेळ आणि आपण वाजवतो किती वेळ, हे एकदा घड्याळ लावून बघा. हिशेबनीस बेटा, तुझा तक्ता याला वापर.

उंबरठा
आजी, तुमच्या वाक्याला साष्टांग. मला हेच म्हणायचं होतं पण इतकं गोड जमलं नसतं. बाळाला सतत कुणी रिझवायची गरजच नाही. बुडापेस्टमध्ये एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ होत्या. १९४६ पासून त्यांनी तिथे आईबापाविना मुलांचं बालगृह चालवलं. त्यांचा कटाक्ष असा, की बाळाला स्वतःहून येत नाही त्या अवस्थेत बसवायचं नाही, उभं करायचं नाही, हातात वस्तू कोंबायची नाही. सपाट जागेवर मोकळं ठेवायचं, जवळ दोन-चार साध्या वस्तू, बस. आपलं लक्ष द्यायचं ते न्हाऊ-माखू घालताना, कपडे बदलताना. तेव्हा मात्र घाई नाही, प्रत्येक गोष्ट बाळाला सांगून करायची. खेळ बाळाचा, त्यात आपलं काम नाही.

दुपारची_झोप
उंबरठा, तत्त्व छान आहे पण तीन महिन्यांचं बाळ 'मोकळं' ठेवलं तर ते छताकडे बघतं आणि सात मिनिटांनी बोंबलतं. मी दोघांवर प्रयोग केलाय. एक बोंबलला की दुसरा साथीला.

उंबरठा
सात मिनिटं कमी नाहीत! तुम्ही तेवढ्यात आंघोळ करून येऊ शकता. हलकेच घ्या.

रेघोट्या
उंबरठा यांचं निम्मं पटतं. पालथं घालायच्या बाबतीत पिकलर पंथाशी माझं जमत नाही. ते म्हणतात बाळ स्वतःहून पालथं पडेपर्यंत थांबा. माझ्याकडे डोकं मागून चपटं झालेली, मान एकाच बाजूला वळवणारी बाळं येतात, मला थांबून चालत नाही. पण हातात वस्तू कोंबू नका हे अगदी खरं.

खिडकीपाशी
पाय झाडण्यावरून आठवलं. हिशेबनीस, हा किस्सा खास तुमच्यासाठी.

कॅरोलिन रोव्ही-कोलियर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांचं बाळ जेमतेम दोन महिन्यांचं, रडकं, आणि बाईंना कामाला बसायला वेळ हवा होता. त्यांनी पाळण्यावरच्या चिमणाळ्याला रिबिन बांधून दुसरं टोक बाळाच्या घोट्याला बांधलं. पाय हलला की चिमण्या नाचतात. बाळाला थोड्याच वेळात मेख कळली आणि ते पाय झाडत रमलं. आई कामाला बसली, आणि नंतर तिच्या लक्षात आलं की एवढ्या लहान बाळांना असं शिकता येतं हे तर पुस्तकात कुठेच नाहीये. १९६९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला आणि पुढे आयुष्यभर त्यांनी हीच रिबिन वापरून बाळांची स्मृती मोजली. दोन महिन्यांच्या बाळाला ही युक्ती एक-दोन दिवस आठवते, तीन महिन्यांच्याला साधारण आठवडाभर, सहा महिन्यांच्याला दोन आठवडे. दुसऱ्या दिवशी चिमणाळंच बदललं तर लहान बाळं कोऱ्या पाटीसारखी बघतात, पाय झाडत नाहीत. म्हणजे 'हे ते नव्हे' इतकं त्यांना कळतं.

थोडक्यात, बापाला तीन तास काढायचे आहेत ही फार प्रतिष्ठित वैज्ञानिक प्रेरणा आहे.

रेघोट्या
किस्सा झकास. पण कृपा करून कुणी घरी रिबिन बांधू नका. दोरी, फीत, लोंबणारं काहीही बाळाच्या अंगाला किंवा गळ्याजवळ नको, प्रयोगात माणूस शेजारी बसलेला असतो. त्याऐवजी पायाशी आवाज होणारा कागद किंवा घुंगरू शिवलेली उशी ठेवा आणि शेजारी बसा. लाथ बसली की आवाज. तत्त्व तेच.

हिशेबनीस
इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल आणि आज मिळून अहवाल:

थांबायचा प्रयोग केला. पाच आकड्यांवर माझा धीर सुटत होता, पण आठव्या आकड्याला तिने खरंच "आंऊ" असं काहीतरी काढलं. मी "आंऊ". ती "आंऊ". अकरा फेऱ्या झाल्या. त्यानंतर मान वळवली, मी मागे गेलो नाही, दीड मिनिटाने परत आली.

आजी, खुळखुळ्याचा हिशेब: बाळ २० सेकंद, मी ६ मिनिटं. लाज वाटली.

तिरपागडा
तुम्ही 'आंऊ' ला 'आंऊ' देत बसलात तेव्हा बायको घरी आली नव्हती ना?

मंद्र
आम्ही जीभ काढायचो, बाळही जीभ काढायचं. पहिल्या आठवड्यातच! कुठेतरी वाचलं होतं की नवजात बाळ नक्कल करतं.

अनवट
मंद्र, ते वाचलं असणार. १९७७ मध्ये मेल्ट्झॉफ आणि मूर या जोडीने तसं दाखवलं होतं आणि ते सगळ्या पाठ्यपुस्तकांत गेलं. मात्र २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने शंभरावर बाळं पहिल्या ते नवव्या आठवड्यापर्यंत पुन्हा पुन्हा तपासली. बाळं जीभ काढत होती, पण समोरच्याने जीभ काढली तरी काढत होती आणि दुसरं काही केलं तरी काढत होती. वाद मिटलेला नाही, दोन्ही बाजू अजून हटून आहेत.

मंद्र
म्हणजे आम्ही नवरा-बायको महिनाभर उगाच जीभ काढत बसलो?

जुनी_वही
उगाच कशाने? बाळ काढो न काढो, तुम्ही त्याची नक्कल करत होतात ना. तान्हेपणी मोठीच माणसं बाळाची नक्कल करतात. ते जांभई देतं, आपण "आई गं, झोप आली" म्हणतो. बाळाला कळतं की माझ्या करण्याला समोरून काहीतरी होतंय.

खिडकीपाशी
आजींनी लिहिलंय त्याची उलटी बाजू बघायची असेल तर एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ मधला प्रयोग. आई आधी नेहमीसारखी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. काही महिन्यांचं बाळ आधी हसून बघतं, आवाज काढतं, हातपाय हलवतं, म्हणजे आपल्या पोतडीतल्या सगळ्या युक्त्या काढून बघतं. काही चालत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, खट्टू होतं, काही रडतात. खेळ दोघांचा होता आणि एकाने मध्येच सोडला, हे त्याला नेमकं कळलेलं असतं. हल्ली मांडीवर बाळ आणि हातात फोन असला की माझा चेहरा कसा दिसत असेल ते आठवून मी जरा दचकते.

तिरपागडा
हा प्रतिसाद फोनवर, बाळ मांडीवर असताना वाचला. फोन ठेवतोय.

अर्धविराम
पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा ३२ आठवड्यांचा जन्मला. आता साडेपाच महिने झाले. धाग्यात तीन महिन्यांच्या बाळाबद्दल जे जे लिहिलंय ते तो आत्ता करायला लागलाय. मूठ बघणं गेल्या आठवड्यात सुरू झालं. नात्यातल्या एका बाळाने याच वयात वस्तू या हातातून त्या हातात घ्यायला सुरुवात केली होती, ते ऐकलं की पोटात गोळा येतो.

रेघोट्या
अर्धविराम, चाळीसातून बत्तीस वजा करा. आठ आठवडे. तो साडेपाच नाही, साडेतीन-पावणेचार महिन्यांचा आहे, आणि त्या वयाला जे करावं तेच करतोय. याला सुधारित वय म्हणतात. साधारण दोन वर्षांपर्यंत आम्ही अशा बाळांचं सगळं त्याच वयाने मोजतो. तुमच्या तपासण्या चालू असतीलच, त्या सोडू नका. नातेवाइकांचं बाळ मात्र सोडून द्या.

अर्धविराम
आठ आठवडे वजा करायचे हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. वजन आणि उंचीला मी ते करतही होते. खेळाला करायचं डोक्यातच आलं नाही. थँक्यू.

बोलकी_बोटं
मी कर्णबधिर आहे, नवराही. मुलीलाही ऐकू येत नाही. खुळखुळ्याच्या चर्चेत आमचं घर बसत नाही म्हणून लिहितेय. आम्ही तिच्याशी पहिल्या दिवसापासून खुणांनी बोलतो. सात-आठ महिन्यांची असताना ती एकटीच पडल्या पडल्या हाताने तोच तोच आकार करायची, उघड-मीट, उघड-मीट, एका लयीत. ऐकणारी बाळं "बाबाबाबा" करतात ना, तसंच. १९९१ मध्ये लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी खुणांच्या भाषेत वाढणाऱ्या कर्णबधिर बाळांच्या हातांची ही बडबड नोंदवली होती. बडबड करून बघणं हाही खेळच असतो, बाहेरून हात काय नि तोंड काय.

हिशेबनीस
बोलकी_बोटं, हे माहीतच नव्हतं. परवापासून तिची मूठ बघणं वेगळ्या नजरेने बघतोय.

वाटसरू२
अवांतर प्रश्न: घरच्यांनी हौसेने पांगुळगाडा आणलाय, बाळ सहा महिन्यांचं. त्यात ठेवलं तर खेळतं तरी आणि चालायलाही लवकर लागेल ना?

रेघोट्या
नाही. लवकर चालायला लागत नाही, उलट मोकळ्या जमिनीवरचा सराव कमी होतो. आणि चाकांवर बाळ डोळ्याचं पातं लवायच्या आत जिन्यापाशी पोचतं. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्यावर सरसकट बंदी घातली. परत करता येत नसेल तर चाकं काढून टाका.

वाटसरू२
आमच्या पिढीतले सगळे त्यातूनच चालायला शिकलो.

उंबरठा
त्याच्यासोबत शिकलो, त्याच्यामुळे नाही. आणि चालायला शिकताना पडणं हाच अभ्यास असतो. कॅरेन अडॉल्फ यांच्या गटाने २०१२ मध्ये मोजलं: १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतात आणि १७ वेळा पडतात. गाड्यात पडायचीच सोय नाही.

तिरपागडा
तासाला १७? ऑफिसातल्या माझ्या कामगिरीच्या आसपासच आहे.

मंद्र
मूळ मुद्द्याकडे येऊ. वस्तू कधी द्यायच्या? आमचा पाच महिन्यांचा आहे. दिली तर तोंडात, नाही दिली तर माझी बाही तोंडात.

रेघोट्या
तोंडातच जाणार. या वयात जिभेला आणि ओठांना बोटांपेक्षा जास्त कळतं. जन्मतः मूठ आपोआप आवळली जाते, हिशेबनीस यांचा खुळखुळा त्यातलाच. ती आपोआप पकड मावळत जाते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात हात मुद्दाम वस्तूकडे जातो. सहाव्याच्या सुमारास या हातातून त्या हातात. अंगठा आणि तर्जनीची चिमूट नवव्या-दहाव्या महिन्यात, आणि तेव्हापासून जमिनीवरचा प्रत्येक कण आधी तिला दिसतो, मग तुम्हाला. मनासारखं सोडता येणं सगळ्यात उशिरा.

द्या काहीही, फक्त तोंडात मावून घशात जाईल असं नको. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या खेळण्यांचे सुटे भाग ज्या नळकांड्यात घालून तपासतात त्याचा व्यास ३.१७ सेंटीमीटर असतो, तेवढ्यात मावलं की नापास. घड्याळात, रिमोटमध्ये असतात त्या चपट्या गोल बॅटऱ्या तर दृष्टीसमोरही नकोत. गिळल्या तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

खिडकीपाशी
मंद्र, देताना एक बघा. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांच्या टेबलाच्या कडेला एक चकचकीत धातूची पट्टी ठेवलेली असायची, डॉक्टर जीभ दाबून घसा बघतात तसली. आईच्या मांडीवर बसलेल्या ५ ते १३ महिन्यांच्या बाळाला ती दिसायची. १९४१ च्या लेखात त्यांनी लिहिलंय की बाळ हात पुढे करतं आणि थबकतं. आईकडे बघतं, डॉक्टरांकडे बघतं, अंग स्थिर. मग हळूहळू तोंडाला पाणी सुटतं, लाळ गळते, आणि एका क्षणी ते पट्टी उचलून तोंडात घालतं. की झालं, आता ती त्याची. आपटतं, आईच्या तोंडाला लावतं. शेवटी खाली पाडतं, आधी चुकून, मग उचलून दिली की मुद्दाम.

त्या थबकण्याच्या वेळात कुणी पट्टी जबरदस्तीने बाळाच्या तोंडाला लावली तर ते किंचाळतं, झटापट करतं. मी पहिल्या मुलाच्या वेळी दर वेळी नेमकी तिथेच घुसायचे, "घे ना, घे ना" करत.

जुनी_वही
सगळेच घुसतो. आपल्याला वाटतं, त्याला येत नाहीये.

हिशेबनीस
(सहा महिन्यांनी धागा वर काढतोय.)

मुलगी आता नऊ महिन्यांची. बसते, पोटावर सरपटते. सध्याचा खेळ एकच: उंच खुर्चीत बसून चमचा खाली टाकणे. मी उचलतो, ती टाकते. काल ३४ वेळा. आधी चमच्याकडे बघते, मग माझ्याकडे, मग सोडते. हे विज्ञान आहे की माझा छळ?

अनवट
दोन्ही. सोडता येणं ही नवी विद्या आहे, ती वापरून बघणारच. शिवाय दर वेळी खालीच जातो का, दर वेळी आवाज होतो का, बाबा दर वेळी वाकतो का, असे तीन प्रयोग एकाच चमच्यात चाललेत. २०१५ मध्ये एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी ११ महिन्यांच्या बाळांना एक गाडी भिंतीच्या आरपार गेल्याचं भासवलं, तर हातात मिळाल्यावर त्यांनी ती गाडी आपटून बघितली. ज्यांना ती कडेवरून पुढे जाऊनही न पडता अधांतरी राहिलेली दाखवली, त्यांनी ती खाली टाकून बघितली. नेमकं जिथे शंका, तिथे तपास.

दुपारची_झोप
चौतिसावा चमचा गुरुत्वाकर्षणासाठी नसतो हो. तो बाबासाठी असतो.

हिशेबनीस
तेच वाटायला लागलंय. कारण दुसरा प्रकार: हातातली वस्तू माझ्यापुढे करते, मी हात पुढे केला की झटकन मागे घेते आणि खिदळते. नऊ महिन्यांचं माणूस मला फसवतंय?

खिडकीपाशी
फसवतंय! वासुदेवी रेड्डी यांनी बाळांच्या या चिडवाचिडवीवर काम केलंय. साधारण याच वयाची बाळं देतो-देतो म्हणत हात मागे घेतात, नको म्हटलेल्या गोष्टीला हात लावायला जातात आणि आधी तुमच्याकडे बघतात. म्हणजे तुम्ही काय अपेक्षा करताय हे त्यांना कळतं, आणि ती मोडायची गंमतही.

उंबरठा
कुकूऽक करता की नाही? हिशेबनीस यांच्या साठ्यात अजून आलेलं दिसत नाही.

हिशेबनीस
आता तीच करते. दुपटं डोक्यावर ओढून घेते, अर्धं तोंड बाहेर, आणि मी "कुठे गेली?" म्हणेपर्यंत श्वास रोखून बसते. मी मुद्दाम आठ आकडे थांबतो. जुनी सवय.

काल अनवट यांच्या पियाजेची परीक्षाही घेतली. माझी किल्ली उशीखाली लपवली, तिने काढली. पुन्हा उशीखाली, पुन्हा काढली. मग तिच्या डोळ्यांदेखत शेजारच्या टॉवेलखाली ठेवली, तर ही परत उशीच उचलते!

अनवट
हुबेहूब. आठ ते बारा महिन्यांतली ही प्रसिद्ध चूक. पियाजे म्हणायचा, वस्तू नजरेआडही असते हे बाळाला याच सुमाराला, तेही अर्धवट कळतं. त्यावर रेने बायार्जाँ यांनी १९८७ मध्ये, फक्त बाळ किती वेळ टक लावून बघतं ते मोजून, साडेतीन-साडेचार महिन्यांच्या बाळांनाही झाकलेली वस्तू तिथेच आहे याचा अंदाज असतो असं दाखवलं. मग नऊ महिन्यांचं बाळ उशीकडे का जातं? एक उत्तर असं, की डोक्याला ठाऊक असतं पण हात आधीच्या यशस्वी वाटेने निघून जातो.

तिरपागडा
आणि किल्ली शेवटी मिळाली का?

हिशेबनीस
नाही ना. टॉवेलखालून तिने नंतर कधीतरी काढून घेतली असावी, आज सकाळी निघताना सापडेना. आत्तापर्यंत दाराजवळच्या खुंटीवर चार वेळा बघून आलोय. रोज तिथेच असते.